वरच्या स्लॉटमधला म्हातारा

“हात लावलास तर याद राख! नववीत शाळा सोडणाऱ्यानं मला मशीन शिकवायचं नाही.”

हे बाबा. हातात स्क्रूड्रायव्हर, आणि तो माझ्याकडे असा रोखलेला की जणू मीच उघडायचा डबा आहे.

“मी हात लावलेलाच नाहीये,” मी म्हणालो.

“मग कोणी लावला? भुतानं?”

“भूत असतं तर निदान विचारून लावलं असतं.”

“ऐकलंस? ऐकलंस याचं तोंड?” हे आईला. आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “दोघं भांडून दमलात की सांगा. पाणी देते.”

ताई खुर्चीत पाय वर घेऊन, काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. नखं खात होती. ताई नखं खात नाही. शेवटची खाल्ली होती ती बारावीच्या निकालाला.

तर मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, ताईचं. टेबलाखाली जमिनीवर असतं, माझ्या मांडीएवढं उंच, आणि त्यात तीन ग्राफिक्स कार्डं आहेत. एक नवं, लाल पट्ट्याचं, ताईनं दीड वर्ष लग्नांचे व्हिडिओ जोडून घेतलेलं. एक मधलं. आणि एक म्हातारा. म्हणजे कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातून बाबांनी आणलेलं जुनं कार्ड, पंख्याचा आवाज खोकल्यासारखा. तिन्ही मिळून ताईची चित्रं रंगवतात. ताई कार्टून फिल्म बनवते. कार्टून म्हटलेलं तिला आवडत नाही, ॲनिमेशन म्हणायचं. असो.

एका मोठ्या स्टुडिओनं तिला चाचणी दिली होती. दोन मिनिटांची फिल्म करून पाठवा, आवडली तर नोकरी. आधी दोनदा नुसता अर्ज करून तिला नकार आलाय, यावेळी पहिल्यांदाच चाचणीपर्यंत पोचली. फिल्म एका लिफ्टची, जी चौथ्या मजल्यावर थांबायलाच तयार नसते. मी पाहिली आहे. भारी आहे. तोंडावर सांगितलेलं नाही. शेवटचे चाळीस सेकंद तेवढे रंगवायचे राहिले होते. चाळीस सेकंद म्हणजे नऊशे साठ चित्रं. एका चित्राला तिन्ही कार्डांना मिळून अकरा सेकंद लागतात. म्हणजे तीन तास. एकट्या नव्या कार्डावर केलं तर सात तास. आणि लिंक आज संध्याकाळी सहाला बंद. अर्धवट फिल्म ते बघतसुद्धा नाहीत, तसं लिहूनच दिलंय.

ताईनं सकाळी नऊला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सिग्नल नाही’. बंद केलं, परत लावलं, तेच. दहा वेळा तेच.

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या डोक्यात त्याचीच तिडीक गेली. घरात काहीही बिघडो. नळ गळला, रिमोट हरवला, दुधाची पिशवी फुटली, मान आधी माझ्याकडे वळते. जणू काही माझ्या अंगातून बिघाड बाहेर पडतो आणि घरभर पसरतो.

बरं, काल दुपारी मी ताईच्या मशीनवर बसलो होतो. खोटं कशाला बोलू. ताई बाहेर गेली होती, मी तासभर गेम खेळलो आणि नीट बंद करून उठलो. त्यानंतर काय झालं? त्यानंतर बाबा कामावरून आले, बनियनवर आले, आणि म्हणाले, “या डब्यात धूळ किती! उद्या सुट्टी आहे, पण आजच साफ करून टाकतो.” चार तास ते त्या डब्याशी होते. चार तास! पण त्याला म्हणायचं साफसफाई. माझ्या एका तासाला म्हणायचं हात लावला.

“खरं सांग भुंग्या,” ताई शेवटी बोलली. घरात मला भुंग्या म्हणतात, सतत गुणगुणतो म्हणून. “काल तू काही केलंस का? काही इन्स्टॉल वगैरे? सांग, मी ओरडणार नाही. मला फक्त कळू दे.”

बाबांचं मला काही वाटत नाही. त्यांची टेप ठरलेली आहे. पण ताईनं विचारलं तेव्हा कानशिलं तापली.

“गेम खेळलो. एक तास. बंद केलं. बस.”

“नक्की?”

“नाही, मग उठताना आत वाटीभर पाणी ओतलं. झाडं उगवतात का बघायला.”

“बघ, बघ कसा बोलतो!” बाबा. “मी आताच्या आता त्या मास्तरला बोलावतो. जाणता माणूस आहे.”

मास्तर म्हणजे नाक्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. मी आणि ताई त्याला बोर्डगेला म्हणतो. कुठलंही मशीन आणा, तो झाकणावर दोन टिचक्या मारतो आणि म्हणतो, “बोर्ड गेलाय.” शेजारच्यांचा प्रिंटर नेला होता, तेव्हाही बोर्डच गेला होता. खरं तर आत मुलानं पेन्सिल कोंबली होती.

तो आला साडेदहाला. सॅक, कानामागे पेन. चहा घेतला. मग डब्यासमोर उकिडवा बसला आणि झाकण काढलं.

आता झाकण काढल्यावर आत काय दिसलं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आमचे बाबा लिफ्टचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात वायरमन आहेत. बावीस वर्षं. त्यांच्या पॅनेलचं दार उघडलं की आत वायरी अशा असतात की जणू कोणी फणीनं भांग पाडलाय. एक वायर वाकडी दिसली तर ते जेवत नाहीत. कालच्या चार तासांत त्यांनी ताईच्या डब्याचंही तेच केलं होतं. सगळ्या वायरी एका जाड वेणीत, दर दोन बोटांवर प्लास्टिकची पट्टी ओढून गाठ, आणि गाठीची शेपटं कापून एकसारखी.

“वा!” बोर्डगेला म्हणाला. “साहेब, काय वायरिंग आहे! कोणी केलं?”

“मीच,” बाबा म्हणाले. छाती दोन इंच पुढे.

“फोटो काढू का?”

ताईनं घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजत आले होते. “काका, दोनच्या आत हे सुरू झालं नाही तर माझं संपलं. फोटो नंतर काढा.”

मग त्यानं काम सुरू केलं. भिंतीतला प्लग काढून घातला. दुसऱ्या प्लगमध्ये घातला. पडदा बदलून बघितला, बाहेरच्या खोलीतला टीव्ही उचलून आणला, त्याच्यावरही काळं. मग रॅमच्या पट्ट्या काढल्या, खिशातून खोडरबर काढला आणि त्यांचे सोनेरी दात घासायला लागला. चौथीच्या चित्रकलेच्या तासाला बसल्यासारखा. फुंकर मारली, परत बसवल्या. काळं. परत काढल्या, परत खोडरबर.

“काका, दोन वेळा पुसलंत, आता भोक पडेल,” मी म्हणालो.

“छोटे, जरा बाजूला.”

“नाही पण सोपं आहे ना. तीन कार्डं आहेत. दोन काढा, एकच ठेवा. चाललं तर दुसरं घाला, मग तिसरं. ज्याच्यावर अडेल तिथं घोडं पेंड खातंय.”

यात काही फार मोठी अक्कल नाही. दिव्यांची माळ पेटत नसेल तर आपण एकेक दिवा बघतो, तसंच. बोर्डगेल्याला पटलं. त्यानं मान डोलावली, कार्डाकडे हात नेला. आणि बाबा मध्ये आले.

“कार्ड काढायचं म्हणजे वायर सोडवावी लागणार.”

“हो.”

“म्हणजे सगळ्या गाठी कापायच्या.”

“हो, पण साहेब, परत...”

“चार तास लागलेत बांधायला. बिघाड वायरिंगमध्ये नाहीये. बावीस वर्षांत माझ्या हातचं पॅनेल परत आलेलं नाही. बाकी काय बघायचं ते बघा.”

मला वाटलं मी ऐकलेलं चुकीचं आहे. इथे ताईचं सगळं पणाला लागलंय आणि या माणसाला गाठींची पडलीय! मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. आईनं घडी घालायची थांबवली आणि म्हणाली, “भुंग्या, बापाशी बोलतोयस.” तेवढंच. आई कमी बोलते, पण तिचं एक वाक्य लागतं.

बोर्डगेल्यानं दोन्हीकडे बघितलं, पेन कानामागे नीट खोचलं, आणि शहाण्यासारखा निर्णय घेतला. झाकणावर दोन टिचक्या मारल्या.

“बोर्ड गेलाय.”

ताईचा चेहरा पांढरा पडला.

“दुकानात न्यावं लागेल. दोन दिवस. तीन धरा. तीन कार्डं म्हणजे एका बैलाला तीन गाड्या जुंपल्यात, दुसरं काय होणार? आणि साहेब, राग मानू नका, घरात लहान मुलं असली की मशीनला...” त्यानं माझ्याकडे बघून हात हलवला. वाक्य पूर्णसुद्धा केलं नाही. माझं वय सतरा आहे. मला मिशा आहेत. थोड्या आहेत, पण आहेत.

बाबांनी ते वाक्य पूर्ण केलं. “बघ. ऐकलंस? जाणता माणूस सांगतोय. तुझ्या एका गेमपायी तिचं वर्ष गेलं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

बोललो असतो तर रडू आलं असतं, आणि यांच्यासमोर रडण्यापेक्षा मी कायमचा मुका झालो असतो. मी सरळ टेबलाखाली शिरलो. कोणाला वाटलं असेल लपला. आत धूळ नव्हती, हे मात्र खरं. बाबांनी मागची भिंतसुद्धा पुसली होती.

पालथा पडून मी कीबोर्ड खाली ओढला. कशासाठी, मला माहीत नव्हतं. हाताला काही तरी हवं होतं. नुसता बोटं आपटत बसलो. आणि आकड्यांच्या बटणांवरचा छोटा हिरवा दिवा लागला. परत तेच बटण दाबलं, विझला. परत, लागला.

मी थांबलो.

मेलेलं मशीन दिवा लावत नाही. कीबोर्ड स्वतःच्या मनानं तो दिवा लावत-विझवत नाही, त्याला आतून कोणीतरी सांगावं लागतं. म्हणजे आत कोणीतरी जागं होतं. बोर्ड-बिर्ड काही गेला नव्हता. पण मशीन पुढेही जात नव्हतं, कारण पुढे गेलं असतं तर समोरचा डिस्कचा दिवा लुकलुकला असता. तो ढिम्म होता. जागं आहे, पण थांबलंय. माणूस असा कधी थांबतो? काही विचारलंय आणि उत्तराची वाट बघतोय, तेव्हा.

मग पडद्याची वायर बघितली. ही वायर नेहमी सैल लोंबते. मी पाय ताणले की अंगठ्याला लागते, शंभर वेळा ताईच्या शिव्या खाल्ल्यात त्यावरून. आज ती लोंबत नव्हती. ताठ होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. वायर काही रात्रीत आखूड होत नाही. म्हणजे तिचं दुसरं टोक खाली गेलं होतं. मी मोबाईलचा टॉर्च मारला. वायर लाल पट्टेवाल्या नव्या कार्डात होती, बरोबर, नेहमी तिथेच असते. पण नवं कार्ड नेहमी सगळ्यांत वर असतं. आज ते सगळ्यांत खाली होतं.

वर होता म्हातारा.

मी बाहेर आलो. डोकं टेबलाला आपटलं, लागलं, काही वाटलं नाही.

“बाबा, काल तुम्ही कार्डं कुठली कुठे बसवलीत?”

“काही बदललेलं नाही मी.”

“नवं वर होतं. आता खाली आहे.”

“बदललं नाही म्हणतोय ना? नुसतं नीट लावलं.”

“नीट म्हणजे कसं?”

“नीट म्हणजे क्रमानं! सगळ्यांत जुनं वर, मग मधलं, मग नवं. कालचं पोर डोक्यावर बसवलं होतं, ते खाली घेतलं. त्यात बदललं काय?”

आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. आमच्या घरात टॉवेलच्या खुंट्या आहेत चार. पहिली बाबांची, मग आईची, मग ताईची, शेवटची माझी. चपलांच्या कपाटात तेच. ब्रशच्या ग्लासातही तेच, आणि माझा ब्रश चुकून पुढे असला तर बाबा तो उचलून मागे ठेवतात, काही न बोलता. त्यांच्या कारखान्यातही जो जुना त्याचं नाव फळ्यावर वर. त्यांच्या दृष्टीनं हे बदलणं नाहीच. वस्तू जिथे असायला हवी होती तिथे ठेवली, एवढंच. सकाळपासून दहा वेळा ताईनं विचारलं असेल, बाबा काही बदललंत का? आणि दहा वेळा ते खरं बोलले होते. स्वतःच्या हिशेबानं अगदी खरं.

“अहो, पण मशीन सुरू होताना पहिलं चित्र वरच्या कार्डातून देतं!” मी जवळजवळ किंचाळलो. “वरच्याच! ते काहीतरी विचारतंय आणि ते म्हाताऱ्याच्या तोंडून विचारतंय. आणि आपण वायर लावून बसलोय खालच्याला!”

“म्हाताऱ्याला कुठे आहे वायर लावायला जागा?” बोर्डगेला म्हणाला. “मी बघितलं ना मागे. सपाट आहे.”

सपाट होतं, ते खरं. मी पुन्हा टॉर्च मारला. म्हाताऱ्याच्या मागच्या बाजूला काळी, गुळगुळीत पट्टी. बोटानं चाचपलं. इन्शुलेशन टेप! बाबांचा तो दुसरा नियम. वापरात नसलेलं भोक उघडं ठेवायचं नाही, धूळ जाते, मुंगी जाते, शॉर्ट होतं. घरातले सगळे रिकामे प्लगसुद्धा त्यांनी असेच बंद केलेत. आणि टेप इतकी सफाईनं लावलेली, कडा कार्डाच्या कडेला अशा जुळवलेल्या, की समोरच्याला वाटावं कारखान्यातूनच अशी आलीय.

मी नख घालून टेप उचलायला लागलो, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

त्यांचा हात म्हणजे पक्कड आहे. दुखलं.

“सोडा.”

“मशीन चालू आहे. करंट आहे आत. आणि तुला कळतं तेवढं...”

“तुम्हाला कळत नाही तेवढं तरी मला कळतं!”

बाबांचा दुसरा हात वर गेला. खरंच गेला. आमच्याकडे तो वर जातो, पण खाली येत नाही कधी. यावेळी मला वाटलं येईल, आणि खरं सांगू, मला वाटलं येऊच दे एकदाचा.

“बाबा, त्याला सोडा.”

ताई उभी राहिली होती. आवाज चढवला नव्हता. ती चढवत नाही.

“एक वाजून गेलाय. मशीन माझं आहे. फिल्म माझी आहे. तो जे करतोय ते त्याला करू द्या. बिघडलं तर माझं बिघडेल.” मग माझ्याकडे वळून, “काढ टेप.”

मनगट सुटलं. त्यावर चार बोटं उमटली होती.

टेप काढली. खाली भोक होतं, अगदी नव्यासारखं, कारण कधी वापरलंच नव्हतं. खालच्या कार्डातून वायर उपसली आणि म्हाताऱ्याला लावली.

पडदा दोनदा लुकलुकला. आणि आला.

काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. अर्थ एवढाच की प्रोसेसरच्या पंख्याची खबर लागत नाही, पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.

सकाळी नऊपासून ते हेच विचारत होतं. नऊ ते एक! चार तास बिचारं मशीन म्हाताऱ्याच्या टेप लावलेल्या तोंडातून ओरडत होतं, दाबा, दाबा, एक बटण दाबा, आणि बाहेर आम्ही खोडरबर घासत होतो.

पंखा फिरत तर होता. मग खबर का नाही? मी आत बघितलं. पंख्याची वायर होती थोडी आखूड. तिच्या स्वतःच्या पिनांपर्यंत नेली असती तर वेणीतून बाहेर दिसली असती. म्हणून बाबांनी ती शेजारच्या तशाच पिनांवर लावली होती. पंख्याला वीज मिळत होती, मशीन मात्र रिकाम्या पिनांकडे बघून म्हणत होतं, पंखा कुठाय? दिसायला सुंदर. फोटो काढण्यासारखं.

बोर्डगेल्यानं खोडरबर खिशात घातला.

मी बाबांकडे बघितलं. मला काय हवं होतं? फार नाही. चुकलं माझं, एवढे दोन शब्द. तेही नको, नुसतं ‘अरे’ चाललं असतं.

बाबांनी चष्मा वर केला, पडद्यावरचं वाचलं आणि म्हणाले, “मग त्यात काय एवढं. दाब की एफ-वन.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या दिवशी म्हणजे आजच.

आणि वर आणखी, “म्हणजे मशीन ठीकच होतं. मी लावलेलं सगळं चालूच होतं.”

“हो ना,” आई म्हणाली, पलंगावरून. “ऑपरेशन झकास. पेशंटचं तोंड तेवढं शिवून टाकलं होतंत.”

ताई हसली. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं बाहीनं पुसलं आणि एफ-वन दाबलं. डिस्कचा दिवा लुकलुकला. दहा मिनिटांत तिचा प्रोग्राम उघडला, तिन्ही कार्डं दिसली, आणि एक पस्तीसला पहिलं चित्र रंगायला लागलं. बोर्डगेला जाताना बाबांना सांगून गेला, “बघा साहेब, मी आलो आणि सुरू झालं.” बाबांनी त्याला दारापर्यंत सोडलं! पुन्हा चहा विचारला! माझ्या हातून त्याची सॅक खिडकीबाहेर जाणार होती, ताईनं शर्ट धरून मला खाली बसवलं.

“तू इथे बस,” ती म्हणाली. “या आकड्यावर लक्ष ठेव. नव्या कार्डाचं तापमान आहे. नव्वदच्या वर गेलं तर मला हाक मार. आणि तोंड बंद ठेव.”

तोंड बंद आहे म्हणून हात चालू आहे. ताईच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितोय. शाळेत निबंधाला मला दहापैकी दोन मिळायचे, विषय आवडायचे नाहीत म्हणून. आज विषय आहे.

साधारण तीनशे चित्रं झाली आणि आकडा चढायला लागला. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नवं कार्ड तळाला, त्याच्या पंख्यांचं तोंड खाली, आणि त्याच्या बरोबर खाली ती जाडजूड वेणी. हवा शिरायला जागाच नाही. नव्वद. ब्याण्णव. मी ताईला हाक मारली. थांबवून कार्डं बदलावीत तर अर्धा तास गेला असता, तो नव्हता आमच्याकडे. आणि ताप वाढला की कार्ड स्वतःच हळू होतं. अकराचे वीस सेकंद झाले होते. ताईनं बोटांवर गुणाकार केला आणि म्हणाली, “असं चाललं तर पावणेपाच नाही, सव्वासहा.”

“वेणी कापायला पाहिजे,” मी म्हणालो. “आत्ता. चालू असताना.”

“कापशील?”

मी हात पुढे केला. तो थरथरत होता. रागानं, पण थरथरत होता. त्या पंख्याच्या पात्यांमध्ये आणि वायरींमध्ये माझ्या बोटाएवढी जागा होती. चुकून वायर कापली तर सगळं गेलं.

मागून बाबा आले. हातात त्यांचा कारखान्यातला बारीक कटर. मला खांद्यानं बाजूला सारलं, गुडघ्यावर बसले आणि आत हात घातला. फिरत्या पंख्याखाली, गरम कार्डाला कोपर लागत असताना, एकेक गाठ. टक. टक. टक. एकवीस गाठी. मी मोजल्या. हात एवढासाही हलला नाही. सोडवलेल्या वायरी त्यांनी बाहेर ओढून डब्याच्या कडेवर टाकल्या, वेड्यावाकड्या, विस्कटलेल्या. मग बाहेरच्या खोलीतला उभा पंखा आणून समोर लावला, आणि उघड्या डब्याकडे एकदा बघून तोंड फिरवलं. जसं काही तिथे कोणी उघडं बसलंय.

आकडा उतरला. नव्वद. पंच्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. सेकंद परत अकरावर.

मला मान्य करावं लागतंय की ते मला जमलं नसतं. आणि मान्य करावं लागतंय म्हणून आणखीच राग येतोय. एवढे हुशार हात, आणि एक शब्द फुटत नाही तोंडातून! मघाशी आत येऊन नुसते उभे राहिले. माझ्या मनगटाकडे बघितलं. मी बाही खाली ओढली. “किती झाली?” एवढंच विचारलं. मी म्हणालो, “आठशे चाळीस.” ते गेले. मला वाटलं होतं पुढे काही येईल. नाही आलं.

नऊशे.

ताई म्हणते, घरच्या नेटवरून फिल्म जायला दीड तास लागेल, तेवढा वेळ नाही. तिच्या मैत्रिणीच्या छपाईच्या दुकानातलं नेट जलद आहे, तिथं फिल्म सुट्या डिस्कवर घालून न्यावी लागेल. ताईला इथेच थांबायचंय, स्टुडिओचा फॉर्म भरायला. म्हणजे मी जायचं. मी म्हणालो, सायकलनं वीस मिनिटांत जातो.

नऊशे एकोणपन्नास. अठ्ठावन्न. झालं. ताई तुकडे जोडतेय. पाच वाजून दहा मिनिटं. फिल्म डिस्कवर उतरतेय, पट्टी भरत आलीय.

खाली हॉर्न वाजतोय. खिडकीतून बघितलं, बाबा स्कूटर चालू करून बसलेत. हेल्मेट घालून. माझं हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मी त्यांना सांगितलं नव्हतं. आईनंच सांगितलं असणार. परत हॉर्न. अहो येतोय! मागे बसेन, पण एक शब्द बोलणार नाही, दुकान येईपर्यंत नाही, आणि आधी त्यांनी...

ताईनं डिस्क हातात दिली. आता निघायलाच हवं.